पचमढीच्या डोंगरावरील सात दिवस

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे आमच्या कचेरीत पालकांची ये-जा वाढते. कोणास मुलासाठी शिकवणीचा वर्ग हवा असतो, कोणास इंग्रजी संभाषणाचा, तर कोणास मुलास दोन महिने गुंतवून ठेवण्याची एखादी युक्ती. २०२४ सालच्या मार्चमध्ये आमच्या इंदूर येथील शाळेच्या बालवीर पथकाचे स्काउटमास्तर असेच एके दिवशी समोर येऊन बसले. "फादर, यंदा मुलांना आठवडाभर पचमढीला न्यावे म्हणतो," ते म्हणाले, "आपण बरोबर असलात तर घरची मंडळी निर्धास्त राहतील." आमचे वय पंचेचाळिशीकडे झुकलेले आणि पाठीस गादीची सवय जडलेली. तरीही आम्ही होकार दिला, आणि पुढे पंधरा दिवस त्याचा पश्चात्ताप केला. आज त्या आठवड्याची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. तीत डोंगर आहेत, धबधबे आहेत, करपलेली खिचडी आहे, आणि आमच्या हातून घडलेला एक अपराधही आहे. तो गाळून ही हकीकत सांगता आली असती, परंतु मग ती खरी राहिली नसती.

पथकात एकवीस मुले होती, अकरापासून सोळा वर्षांपर्यंतची. निम्मी मुले होळकरशाहीच्या काळापासून इंदुरात स्थायिक झालेल्या मराठी घरांतली, बाकीची माळवी, मल्याळी, आणि एक बोहरी समाजातला. ख्रिस्ती मुले केवळ सहा. स्काउटमास्तरांनी त्यांचे सात-सात जणांचे तीन संघ पाडले. गरुड, वाघ व मोर अशी त्यांची नावे. प्रत्येक संघाने आपला नायक निवडला आणि त्या तिघा नायकांनी मिळून शिबिराचा कोठीवाला निवडला. शिधा मोजून देणे, भाजीपाला व दूध विकत आणणे आणि पैशांचा हिशेब ठेवणे हे त्याचे काम. ज्याची निवड झाली तो इयत्ता आठवीतला एक किडकिडीत मुलगा होता. वडील नाहीत, आई चार घरची धुणीभांडी करते. शिबिराची निम्मी वर्गणी त्याला माफ होती आणि पायांतले बूट शेजारच्या मुलाचे होते. परंतु रविवारी तो मामाच्या भाजीच्या गाडीवर बसतो, त्यामुळे तोंडी हिशेबात त्याचा हात धरणारा वर्गात दुसरा कोणी नाही. सहा हजार रुपये एका पत्र्याच्या डब्यात घालून त्याच्या स्वाधीन करण्यात आले. तेव्हाच आमच्या मनात एक बारीकशी शंका येऊन गेली होती, हे आता कबूल केले पाहिजे.

इंदुरात १३ मे रोजी मतदान आटोपले. शुक्रवार, १७ मे रोजी सायंकाळी आम्ही बिलासपूरकडे जाणारी नर्मदा एक्सप्रेस धरली. देवास, उज्जैन, भोपाळ अशी स्थानके मागे पडली. मध्यरात्र उलटल्यावर गाडी नर्मदेच्या पुलावर आली, तेव्हा निम्मी मुले खिडकीशी गोळा झाली. पलीकडच्या तीरावर होशंगाबाद. २०२२ सालापासून त्याचे नाव नर्मदापुरम झाले आहे. नदीत नाणे टाकून हात जोडण्याची आपल्याकडील रीत मुलांस ठाऊक होती. एकाने कोठीवाल्यापाशी एक रुपया मागितला. मांडीवर डबा घेऊन तो पेंगत होता. डोळे न उघडताच म्हणाला, "हा पैसा हिशेबाचा आहे. नर्मदामाईला तुझ्या खिशातला दे." सारा डबा हसला. आम्हीही हसलो. ते वाक्य पुढे चार दिवसांनी आम्हांस निराळ्या तऱ्हेने आठवणार होते.

पिपरिया स्थानकावर काळोखातच उतरलो व उजाडण्याची वाट पाहत फलाटावर बसून राहिलो. तेथून पचमढी सुमारे पन्नास किलोमीटर. सपाट शेते संपून रस्ता सातपुड्यात शिरला, तशी झाडी दाट होऊ लागली. सातपुडा म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे काळा फत्तर उभा राहतो, परंतु महादेवाच्या या डोंगरांचा खडक वालुकाश्माचा आहे. पाण्याने त्यात उभे कडे आणि अरुंद दऱ्या कोरल्या आहेत. सातपुड्याच्या सागवानी रानात येथे सालवृक्षाचे राज्य आढळते. समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवरच्या या पठारावर पोचलो, तेव्हा इंदूरची काहिली कोणीतरी अंगावरून उतरवून ठेवल्यासारखी वाटली.

मध्य प्रांताच्या सरकारची ही उन्हाळी राजधानी. उन्हाळा लागला की नागपूरचे दप्तर येथे येत असे व त्याबरोबर कितीतरी मराठी कारकुनांची बिऱ्हाडेही. इंग्रजी पुस्तके सांगतात की कॅप्टन जेम्स फोर्सिथने हे स्थान "शोधले". त्याने १८६२ साली बांधलेले बायसन लॉज आजही उभे आहे, आणि या डोंगरांवरील त्याचे पुस्तक १८७१ साली प्रसिद्ध झाले. परंतु गोंड व कोरकू लोक त्याच्या कितीतरी आधीपासून येथे नांदत होते. १८५८ च्या ऑक्टोबरात तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेस आले, तेव्हा या डोंगरांतील भभूतसिंह नावाच्या जहागीरदाराने इंग्रजांविरुद्ध त्यांची बाजू घेतली होती. शोध कोणी कोणाचा लावला, हा प्रश्न मुलांनीच विचारला, आणि आम्हांस त्याचे उत्तर देणे अवघड गेले.

वस्तीच्या बाहेर एका मैदानावर रीतसर परवानगी घेऊन तंबू ठोकले. पहिला दिवस फजितीचा. मोर संघाचा तंबू दोनदा कोसळला. बांबू, काथ्या आणि पुस्तकातली चौरस बांधणी यांच्या साहाय्याने उभारलेले भांड्यांचे फडताळ पहिले पातेले ठेवताच नमस्कार करून खाली बसले. चुलीचा चर वाऱ्याच्या दिशेने खणायचा हे कोणाच्या लक्षात राहिले नव्हते, म्हणून धूर सगळा तंबूत आणि जाळ सगळा पातेल्याच्या एका बाजूस. खिचडी तळाशी कोळसा व वर कच्ची अशी झाली. आम्ही उठून मदतीस जाणार तोच स्काउटमास्तरांनी हात धरला. "फादर, बसा. आज करपली तर उद्या करपणार नाही. आज आपण केली तर शुक्रवारीही आपणच कराल." आम्ही बसलो, आणि खिचडी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण होता. पहाटे, मुले नळावर गेली असताना, तंबूबाहेर खडकावर बसून आम्ही प्रार्थनाग्रंथातील त्या दिवसाची प्रभातवंदना म्हणत होतो. मग ख्रिस्ती मुलांस घेऊन १८९२ साली बांधलेल्या येथील कॅथोलिक चर्चमध्ये गेलो. शेजारच्या दफनभूमीत दोन्ही महायुद्धांच्या काळातील थडगी आहेत. घरापासून हजारो कोस दूर येऊन मातीस मिळालेले ते तरुण आमच्या मोठ्या मुलांहून फारसे मोठे नसतील. मिस्साबलिदानानंतर एका मुलाने विचारले, "फादर, प्रेषितांचे बोलणे प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले, म्हणजे नक्की काय झाले?" आम्ही म्हटले, "सावकाश सांगू." मैदानावर परतलो तेव्हा बाकीच्या मुलांनी पोहे करून ठेवले होते. इंदूरच्या मुलास खिचडी साधली नाही तरी पोहे साधतात.

सायंकाळी ज्यांवरून या गावास नाव पडले त्या पाच मढ्या पाहिल्या. एका लहानशा टेकडीच्या वालुकाश्मात खोदलेल्या या गुहा. वनवासात पांडव येथे राहिले, अशी लोकांची श्रद्धा, तर बौद्ध भिक्षूंनी त्या खोदल्या असाव्यात, असे संशोधकांचे मत. आत अंधार, गारवा आणि शांतता. गडबडीत नेहमी पहिला असणारा वाघ संघाचा नायक आतून बाहेर आला तो पाय न वाजवता.

सोमवारी जमुना प्रपात पाहण्यास गेलो. दुरून त्याचा आवाज मधमाश्यांच्या गुणगुणण्यासारखा येतो म्हणून इंग्रजांनी त्याचे नाव बी फॉल ठेवले. उतरण पायऱ्यांची व बरीच खोल आहे. मे महिन्यात धार बारीक होती, तरी तिच्याखाली उभे राहिल्यावर मुलांस वर आणणे कठीण झाले. पचमढीला पिण्याचे पाणी याच ओढ्यातून मिळते, हे कळल्यावर मात्र एक बदल घडला. आमच्या मैदानावर एकच नळ होता व तो सकाळी तासभर चालत असे. तोवर मुले चूळ भरताना तो मोकळा सोडून देत. त्या रात्री गरुड संघाने आपण होऊन तोंड धुण्यास माणशी एक तांब्या असा नियम केला. तासभर उपदेश करूनही आम्हांस हे साधले नसते. त्या धबधब्याला साधले.

जळण गोळा करण्यास रानात मनाई आहे आणि ती योग्यच आहे. वैशाखातला पाचोळा एका ठिणगीने पेटतो. म्हणून लाकूड विकत आणून, भोवती पाण्याच्या बादल्या ठेवून लहानशी शेकोटी करीत असू. त्या सोमवारी शेकोटीपाशी स्काउटमास्तरांनी या चळवळीची गोष्ट सांगितली. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुले नेली. काही श्रीमंतांच्या शाळांतली, काही गावातल्या साध्या घरांतली. त्यांचे चार संघ पाडले, प्रत्येकास नायक नेमला, आणि संघाची जबाबदारी खरोखरच त्या नायकावर सोपविली. त्या वेळी ही गोष्ट नवी होती. मुलांवर नजर ठेवणारे पुष्कळ होते, विश्वास ठेवणारे थोडे. पुढच्या वर्षी त्यांचे पुस्तक निघाले आणि चळवळ जगभर पसरली. हिंदुस्थानात १९०९ साली बंगलोरला पहिले पथक निघाले खरे, परंतु ते युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांपुरते. हिंदी मुलांस स्काउट होऊ देण्याचा भरवसा सरकारास वाटत नव्हता. तेव्हा डॉ. अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासेत १९१६ साली हिंदी मुलांसाठी निराळी संघटना काढली. उत्तरेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची पथके उभारली. स्वातंत्र्यानंतर निरनिराळे प्रवाह एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली, आणि तिचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र १९५६ साली याच पचमढीत सुरू झाले.

"म्हणजे आपल्या लोकांवर त्यांचा विश्वास नव्हता?" मोर संघातल्या धाकट्याने विचारले.

"नव्हता."

"का?"

स्काउटमास्तर थोडे थांबून म्हणाले, "ओळख करून घेण्याआधीच त्यांनी मत बनविले होते." आम्ही मान हलविली. ते बोल आमच्याच कामाचे आहेत, हे ध्यानी आले नाही.

मंगळवारी हांडी खोह ही दरी पाहिली. कठड्यापासून सुमारे तीनशे फूट सरळ खाली, भिंतीसारखे कडे आणि त्यांना लटकलेली मोठमोठी मोहोळे. महादेवाने एका दुष्ट सर्पास येथे कोंडले, अशी कथा आहे. दरीकडे पाहून ती खोटी वाटत नाही. पुढे प्रियदर्शिनीच्या टोकावरून सारा महादेव डोंगर एका दृष्टीत दिसला. परतताना आंब्याच्या झाडावर तांबूस पाठीचे, झुबकेदार लांब शेपटीचे एक शेकरू दिसले. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी मुलांनी आजवर फक्त पुस्तकात पाहिला होता. ते या फांदीवरून त्या फांदीवर गेले, तेव्हा एकवीसच्या एकवीस मुले श्वास रोखून उभी होती. असा मौनाचा क्षण आम्हांस आमच्या प्रार्थनावर्गात क्वचितच लाभला आहे.

त्याच रात्री आम्ही हिशेब तपासण्यास बसलो. वही स्वच्छ होती. प्रत्येक दिवस वेगळ्या पानावर, टोमॅटोपासून आगपेटीपर्यंत सारे लिहिलेले. परंतु डब्यातले पैसे मोजता तीनशे साठ रुपये कमी भरले. दोनदा मोजले, तितकेच. शेकोटीसाठी मुले जमली होती. आम्ही तेथेच त्याला हाक मारली व विचारले. त्याने डबा स्वतः मोजला, त्याचा चेहरा उतरला, आणि तो म्हणाला, "फादर, मी घेतले नाहीत." आम्ही म्हणालो, "मग पैशांना पाय फुटले काय?" एक-दोन मुले हसली. तो काही बोलला नाही. डब्याची किल्ली वहीवर ठेवली आणि तंबूत निघून गेला.

आता जे लिहिणार आहोत ते लिहिताना लेखणी अडखळते. एकवीस मुलांपैकी कोणाच्याही हाती तो डबा असता तर आम्ही आधी 'बेरीज पुन्हा करून पाहू' म्हटले असते. डॉक्टरांच्या मुलास आम्ही चारचौघांत विचारले नसते, बाजूला घेऊन विचारले असते. या मुलाच्या पायांत उसने बूट होते, त्याची आई दुसऱ्यांची भांडी घासते, म्हणून आमचे मन सरळ तेथे गेले. मार्च महिन्यापासून जी शंका आम्ही मनात बाळगली होती तिला मंगळवारी रात्री फक्त निमित्त मिळाले.

बुधवारी सकाळी ध्वजवंदनास तो आला, तेव्हा त्याच्या गळ्यात स्काउटचा स्कार्फ नव्हता. कोणी काही म्हणाले नाही. त्या दिवशी चौरागडची चढण होती. महादेवाच्या गुहेपासून वाट रानातून जाते आणि शेवटी तेराशेच्या आसपास पायऱ्या. शिखरावर शंकराचे देऊळ आणि भोवती त्रिशूळांचे ढीगच्या ढीग. नवस फेडण्यास भाविक खांद्यावरून ते वाहून आणतात, काही इतके जड की उचलण्यास दोघे-तिघे लागावेत. महाशिवरात्रीस येथे मोठी जत्रा भरते. नागपंचमीस नागद्वारीची यात्रा असते, आणि दोहोंस आपल्या विदर्भातून हजारो लोक येतात. मे महिन्यात गर्दी नव्हती. अर्ध्या वाटेवर एक वऱ्हाडी म्हातारी नातवाच्या खांद्यावर त्रिशूळ देऊन विसावली होती. आमच्या मुलांचे मराठी बोलणे तिने ऐकले.

"कोन्या गावचे व्हय रे पोट्टेहो?"

"आजी, इंदूरचे."

"इंदूरचे अन् मराठी बोलता? बरं हाय." मग आमच्या पांढऱ्या झग्याकडे पाहून म्हणाली, "तुमी यायचे मास्तर का?"

आम्ही आमची ओळख सांगितली, आणि या वयात एवढी चढण कशासाठी म्हणून विचारले. नातू दुखण्यातून उठला, तेव्हाचा नवस होता. "पोट्टा म्हने, बुढे, पुढल्या साली जाऊ. म्या म्हटलं, नाही. आपल्या तोंडानं बोललं थे आपल्याच पायानं फेडा लागते, बाबू."

ती उठून चालू लागली. आम्ही मात्र पुढच्या दोनशे पायऱ्या धापा टाकत, खाली पाहत चढलो. आमचा कोठीवाला सर्वांच्या मागे होता. सगळ्यांचे पाण्याचे पाच लिटरचे भांडे त्याच्या पाठीवर होते, आणि ते उचलण्यास त्याला कोणी सांगितले नव्हते.

रात्री परतल्यावर रविवारी प्रश्न विचारणारा मुलगा तंबूशी आला. "फादर, चौरागडवर सगळे आपापल्या भाषेत बोलत होते, तेव्हा आठवले. तुम्ही सांगणार होता." त्याला दाखविण्यासाठी आम्ही प्रार्थनाग्रंथात त्या सणाची पाने उघडली. तो सण सरला की ती पाने वर्षभर मिटलेली राहतात. पानांतून कागदाचा एक चिटोरा गळून पडला. मुलाने तो उचलून वाचला: "दूध सहा लिटर, तीनशे साठ." खाली दूधवाल्याची सही.

क्षणात सारे आठवले. रविवारी पहाटे दूधवाला आला, तेव्हा मुले नळावर होती आणि डबा किल्लीसह आमच्या उशाशी ठेवलेला होता. आम्ही स्वतः डबा उघडून पैसे दिले, पावती खूण म्हणून पानात ठेवली, प्रार्थना पुढे सुरू केली आणि विसरलो. तो मुलगा कागद हातात धरून उभा होता. त्यालाही समजले होते. "फादर," तो हळूच म्हणाला, "आता?"

आम्ही तडक स्काउटमास्तरांकडे गेलो. त्या मुलास बोलावून क्षमा मागतो, असे म्हणालो. त्यांनी पावती पाहिली व शांतपणे म्हणाले, "एकट्यात नको, फादर. आरोप सर्वांसमोर झाला आहे. उद्या मानसभा बोलावतो." मानसभा म्हणजे संघनायकांची बैठक. पथकाच्या अब्रूचे प्रश्न तेथे सुटतात. वर्षानुवर्षे दुसऱ्यांचे पापनिवेदन ऐकत आलेला धर्मगुरू त्या रात्री झोपला नाही, एवढेच सांगतो.

गुरुवारी सकाळी सालवृक्षाखाली तिघे नायक घोंगडीवर बसले. बाकीची मुले भोवती उभी. आम्ही पावती पुढे ठेवली, घडले ते सांगितले, आणि केवळ विसर पडला असे नव्हे तर मनातला संशयही सांगितला. मग कोठीवाल्याकडे वळून त्याची क्षमा मागितली. गरुड संघाचा नायक सोळा वर्षांचा. त्याने दोघांशी कानगोष्टी केल्या व म्हणाला, "फादरनी आज दोन्ही वेळची भांडी घासायची. आणि किल्ली त्याला परत द्यायची." कोणी हसले नाही. आम्ही "मान्य" म्हणालो.

मग त्यांनी कोठीवाल्यास विचारले, तुला काही म्हणायचे आहे काय? तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरीत राहिला. आम्हांस वाटले, रडेल, किंवा 'असू द्या फादर' म्हणेल. तो म्हणाला, "पावती वहीत चिकटवायला पाहिजे. आणि यापुढे पैसे मीच देणार. फादरनी दिले तरी मला सांगायचे." इतकेच. भाताची पेज घेऊन त्याने ती पावती रविवारच्या पानावर चिकटवली, खाली तारीख घातली, आणि आमची सही घेतली.

भांडी घासणे हे काम दिसते तितके हलके नाही. राखेने घासलेल्या पातेल्यांत करपलेल्या आमटीचा थर तळाशी तसाच राहिला, तेव्हा शेजारी कोणीतरी येऊन बसले. तो कोठीवाला होता. "फादर, आधी पाणी घालून भिजू द्यायचे. आई असेच करते," तो म्हणाला, आणि एक पातेले स्वतःकडे ओढले. मानसभेच्या शिक्षेत हे बसत नव्हते, परंतु आम्ही तक्रार केली नाही. दोघांनी मिळून सतरा भांडी घासली. बोलणे फारसे झाले नाही.

सायंकाळी धूपगडास गेलो. साडेतेराशे मीटर उंचीचे हे सातपुड्याचे व साऱ्या मध्य प्रदेशाचे सर्वोच्च शिखर. पश्चिमेकडे एकामागून एक डोंगरांच्या रांगा निळ्या होत गेल्या आणि सूर्य शेवटच्या रांगेआड गेला. मागे वळून पाहतो तो पूर्वेस पूर्ण चंद्र वर येत होता. वैशाखी पौर्णिमा, बुद्धजयंती. पाच मढ्यांत पाय न वाजवता फिरलेल्या नायकाला ते बरोबर आठवले. "सर, गुहेतले भिक्षू आज काय करत असतील हो, त्या काळी?" या प्रश्नाचे उत्तर कोणापाशी नव्हते, आणि ते कोणी शोधलेही नाही.

त्या रात्री शेवटची शेकोटी. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर बाट्या भाजल्या व त्या उत्तम झाल्या. पहिल्या दिवशीची खिचडी करपली नसती तर त्या तशा झाल्या नसत्या, असे स्काउटमास्तर म्हणाले. स्काउटच्या वचनात 'ईश्वर' म्हणायचे की 'धर्म', हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडलेले आहे. मुलांनी उभे राहून आपापल्या शब्दांत ते पुन्हा उच्चारले. कोणी ईश्वर म्हणाले, कोणी धर्म. आवाज मात्र एकच आला. रविवारचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाने आमच्याकडे पाहिले. त्याला उत्तर मिळाले होते काय, ते त्याने सांगितले नाही. कोठीवाला गरुड संघाच्या रांगेत तिसरा उभा होता. त्याच्या गळ्यात स्कार्फ होता. तो केव्हा बांधला, आम्ही पाहिले नाही.

शुक्रवारी तंबू उतरविले, चर बुजविले, गवतावर पडलेला काथ्याचा तुकडाही वेचून घेतला. उरलेले सातशे पंचाऐंशी रुपये डब्यातून मोजून परत मिळाले. वहीशी तंतोतंत.

स्काउटचा पहिला नियमच हा की तो विश्वासपात्र असतो. तो नियम मुलांसाठी आहे, अशी आमची आजवर समजूत होती. परंतु ज्यावर कोणी विश्वासच ठेवीत नाही तो मुलगा विश्वासपात्र असल्याचे सिद्ध करणार कसे? म्हणून अर्धा नियम आपणा वडीलधाऱ्यांचा आहे. यंदा सुटीत आपल्या गावचे पथक डोंगरावर निघाले तर, पालकहो, मुलास अवश्य पाठवा. त्याच्या हाती चूल द्या, नकाशा द्या, पैशांचा डबा द्या. खिचडी करपेल, वाट चुकेल, बेरीजही कधी चुकेल. ती तपासताना मात्र आधी आपली पाने उलटून पाहा.

ती हिशेबाची वही आमच्या कचेरीच्या कपाटात आहे. पावतीचा कागद पिवळा पडू लागला आहे, पण पेजेने चिकटविलेला कोपरा अजून सुटलेला नाही.